ज्याचा त्याचा लगाम



आमच्या मंडळीत रेकॉर्ड केलेली जुनी गीते ऐकून खानापूर आणि निपाणीकडच्या काही मंडळ्यांनी आम्हांला विचारले, "एवढ्याशा खोलीत तुम्ही दोन आवाज असे एकत्र कसे बसवता? आमच्याकडे एकाचाच ऐकू येतो." याचे तांत्रिक उत्तर कॉम्प्रेसर नावाच्या एका चपट्या यंत्रात आहे. पण ते यंत्र जोडताना आम्हांला मंडळीच्या जीवनाविषयीही काही शिकायला मिळाले. म्हणून या वेळी दोन्ही गोष्टी एकत्रच लिहीत आहोत. ज्यांना नुसती जोडणी हवी आहे त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे, कारण जोडणीतले सर्वांत महत्त्वाचे बटण शेवटीच येते.

कॉम्प्रेसर म्हटले की आपल्याला फ्रिज आठवतो, नाहीतर पंक्चरवाल्याकडचा हवा भरायचा पंप. आवाजाचा कॉम्प्रेसर वेगळा. हवा दाबण्याऐवजी तो आवाजातला चढउतार आवरतो. गाणारा एका ओळीत कुजबुजला आणि पुढच्या ओळीत त्याने वरचा सा लावला, तर मिक्सरवर बसलेला माणूस काय करील? वरच्या सुराला बोटाने फेडर खाली घेईल आणि तो ओसरला की परत वर नेईल. कॉम्प्रेसर म्हणजे हेच बोट. फक्त ते सेकंदाच्या शंभराव्या भागात हलते आणि थकत नाही.

आम्हांला त्याची गरज का पडली ते आधी सांगतो. आपल्या 'उपासना संगीत'मध्ये गीतांचे शब्द आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) कितीतरी गीते आपण त्यातूनच गातो. पण चाली पुस्तकात मावत नाहीत. बेळगाव भागात काही गीतांच्या चाली वेगळ्या आहेत, कुठेही न लिहिलेल्या, आईकडून लेकीकडे आलेल्या. आमच्या मंडळीत त्या चाली पूर्ण येणाऱ्या एकच आजी उरल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, श्वास अपुरा, ओळीचा शेवटचा शब्द जवळजवळ ओठांतच. आमची मुले कन्नड आणि इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण गीतांची पाने अडखळत वाचतात. आजींबरोबर त्या चाली गेल्या असत्या तर परत मिळवायला दुसरे ठिकाण नव्हते.

आजी एकट्या गायला तयार नव्हत्या. "एकटीनं गायचं म्हणजे परीक्षाच की ती. कोणीतरी पुढं गा, मी येते मागनं," असे त्यांचे म्हणणे. मग आमच्या भजनाचे पुढारी असलेले दादा त्यांच्याबरोबर गायला आले. दादांचा आवाज म्हणजे देवाची देणगी. ध्वनिक्षेपक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. एका खोलीत हे दोन आवाज, आणि आम्हांला दोन्ही हवे होते. दादांचा ताल, आजींची चाल.

शब्बाथ शाळेची खोली आम्ही स्टुडिओ केली. खिडक्यांना गोधड्या, फरशीवर सतरंजी, पंखा बंद. सामान असे: चार माइकांचा लहान मिक्सर, दोन वाटांचा कॉम्प्रेसर, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप.

आता जोडणी. पहिला नियम, माइक थेट कॉम्प्रेसरमध्ये घालू नका. माइकमधून येणारा विद्युतप्रवाह फार दुबळा असतो, व्होल्टच्या हजाराव्या भागांत मोजण्यासारखा. कॉम्प्रेसरला मिक्सरने वाढवलेला, ज्याला लाइन लेव्हल म्हणतात तेवढा आवाज लागतो. म्हणून माइक आधी मिक्सरच्या चॅनलमध्ये जातो, तिथे गेनच्या बटणाने वाढतो आणि मग कॉम्प्रेसरकडे वळतो. हे वळण घेण्यासाठी मिक्सरच्या चॅनलवर 'इन्सर्ट' असे लिहिलेले एक भोक असते. लहान मिक्सरवर ते सगळ्या चॅनलांना नसते, बहुधा पहिल्या काहींनाच असते. मिक्सर विकत घेण्यापूर्वी तेवढे पाहून घ्या.

इन्सर्टसाठी वेगळी केबल लागते. तिच्या एका टोकाला स्टिरिओ जॅक असतो, ज्याला आपल्याकडचे दुकानदार स्टिरिओ पी-३८ म्हणतात. दुसऱ्या टोकाला दोन साधे मोनो पी-३८. इंग्रजी वाय अक्षरासारखी ही केबल दिसते. स्टिरिओ टोक मिक्सरच्या इन्सर्टमध्ये जाते. बहुतेक मिक्सरांत जॅकच्या टोकावरून आवाज बाहेर जातो आणि मधल्या कड्यावरून परत येतो. म्हणून टोकाला जोडलेला मोनो जॅक कॉम्प्रेसरच्या इनपुटमध्ये आणि कड्याला जोडलेला आउटपुटमध्ये. कोणता कुठला हे कळावे म्हणून पहिल्याच दिवशी लाल टेप लावून ठेवा. उलटे जोडले तर यंत्राला काही होत नाही, फक्त आवाज येत नाही.

मिक्सरला इन्सर्ट नसेल तर वेगळा माइक प्रीअॅम्प घ्यावा लागतो. प्रीअॅम्पमधून कॉम्प्रेसर, कॉम्प्रेसरमधून इंटरफेसचे लाइन इनपुट, असा सरळ रस्ता. कॉम्प्रेसरच्या मागे अधिक ४ आणि उणे १० असे बटण असेल, तर मिक्सरबरोबर वापरताना ते सहसा अधिक ४ वर ठेवतात.

विजेबद्दल दोन शब्द. मिक्सर, कॉम्प्रेसर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून चालवा. वेगवेगळ्या बोर्डांवरून वीज घेतली की अर्थिंगच्या फेऱ्यातून ५० हर्ट्झची घुमणारी 'हूं' गाण्यात शिरते. ती घालवायला कोणी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकायला सांगेल. ते कधीही करू नका, त्यात जिवाला धोका आहे. केबली लावताना-काढताना स्पीकर बंद ठेवा. चालू करताना स्पीकर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

दोन आवाज वेगवेगळे राहावेत म्हणून आम्ही आजींचा चॅनल पॅनच्या बटणाने पूर्ण डावीकडे नेला, दादांचा पूर्ण उजवीकडे. मिक्सरचे डावे आउटपुट इंटरफेसच्या पहिल्या इनपुटमध्ये, उजवे दुसऱ्यात. लॅपटॉपवर दोन स्वतंत्र ट्रॅक मिळाले. दोघेही एकाच खोलीत गात असल्याने माइक एकमेकांकडे पाठ करून ठेवले. तोंड आणि माइक यांत जेवढे अंतर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये असावे, असा जुन्या ध्वनिमुद्रकांचा ढोबळ नियम आहे. तो आम्हांला उपयोगी पडला.

मग कॉम्प्रेसरची बटणे. ती पाहून घाबरायला होते, पण कामाची पाचच आहेत.

थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा. आवाज त्याच्या खाली असेल तोवर यंत्र स्वस्थ बसते. रेशो म्हणजे उंबरठा ओलांडल्यावर किती आवरायचे. समजा उंबरठा उणे २० डेसिबलवर आहे आणि गाणाऱ्याचा वरचा सूर उणे ८ वर गेला. म्हणजे १२ डेसिबल वर. रेशो ३:१ असेल तर त्या १२ चे ४ होतात, आवाज उणे १६ वर थांबतो आणि ८ डेसिबल आवरले जातात. अटॅक म्हणजे आवरायला किती पटकन सुरुवात करायची. तो फार जलद ठेवला तर 'त', 'क', 'ट' यांची धार जाते आणि शब्द बोथट होतात. आम्ही १५ ते २० मिलिसेकंद ठेवला. रिलीज म्हणजे सोडायला किती वेळ घ्यायचा. फार कमी असेल तर आवाज धापा टाकल्यासारखा वरखाली होतो. फार जास्त असेल तर मोठ्या सुरामागून येणारा हळू शब्दही विनाकारण दबतो. पुढची ओळ सुरू होण्याआधी मीटरचा दिवा परत शून्यावर यावा, एवढा ठेवला की संथ गीताला पुरतो. शेवटचे बटण आउटपुट गेन. जेवढे आवरले तेवढे त्याने पुन्हा भरून काढायचे.

लावण्याचा क्रम असा. आधी बायपास दाबून कॉम्प्रेसर बाजूला ठेवा. गाणाऱ्याला गीतातली सर्वांत जोराची ओळ म्हणायला सांगा आणि लॅपटॉपवर ती उणे १२ च्या आसपास येईल इतकाच माइकचा गेन द्या. मग बायपास काढा, रेशो ३:१ करा आणि थ्रेशोल्ड वरून हळूहळू खाली आणा. जोराच्या ओळीला ३-४ डेसिबल आवरले जावेत आणि हळू ओळीला काहीच नाही, तिथे थांबा. रेकॉर्ड करताना दाबून टाकलेला आवाज नंतर मोकळा करता येत नाही. अजून दाबायचा असेल तर तो नंतर लॅपटॉपवरही दाबता येतो. म्हणून आत जाताना हात हलका ठेवावा.

आणि एक सावधगिरी. बायपास लावून-काढून तुलना करताना दोन्हीकडचा आवाज समान करून घ्या. नाहीतर जो मोठा तो आपल्या कानाला चांगला वाटतो. वाचकहो, हे फक्त स्टुडिओतच घडते असे नाही. सभेतही मोठ्याने मांडलेले मत खरे वाटते.

इथवर सगळे पुस्तकी झाले. खरी अडचण माणसांत आली. दादांना जेव्हा कळले की त्यांच्या आवाजावर कॉम्प्रेसर लागणार, तेव्हा ते दुखावले. म्हणाले, "आवाज मला देवानं दिलाय. तो दाबायचा काय? आजींचाच वाढवा की." त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला यंत्राचे नाव सांगून उत्तर देता येत नव्हते. आजींचा गेन आम्ही वाढवून दाखवला. त्याबरोबर त्यांच्या माइकमधून दादांचाही आवाज वाढला, बाहेरच्या रिक्षा आत आल्या आणि भिंतीवरचे घड्याळ टिकटिकू लागले. दुबळ्याला नुसते ढकलून पुढे आणता येत नाही. त्याच्या आजूबाजूचे सगळेच पुढे येते.

मग आम्ही दादांना एक गोष्ट ऐकवली. दोन वाटांच्या बऱ्याच कॉम्प्रेसरांवर 'स्टिरिओ लिंक' किंवा 'कपल' नावाचे बटण असते. ते दाबले की दोन्ही वाटा एकत्र चालतात. एक बाजू मोठी झाली की दोन्ही बाजू सारख्याच आवरल्या जातात. तयार गाण्याच्या डाव्या-उजव्या बाजूंसाठी ते योग्य आहे, पण दोन वेगळ्या माणसांसाठी ते बंद हवे. आम्ही ते मुद्दाम दाबले आणि एक कडवे रेकॉर्ड केले. मग दादांच्या कानांवर हेडफोन ठेवून फक्त आजींचा ट्रॅक लावला.

दादा ऐकत राहिले. जिथे त्यांनी स्वतः वरचा सूर घेतला होता, तिथे आजींचा आवाज खाली जात होता. प्रत्येक वेळी. आजींनी काही जास्त केले नव्हते, तरी आवरल्या जात होत्या त्याच. दादांचा सूर संपून काही क्षण गेल्यावर त्यांचा आवाज हळूच परत वर येई, तोवर ओळीतले दोन शब्द गेलेले असत. आणि त्या दोन शब्दांवरच चालीतले ते वळण होते, ज्याच्यासाठी आम्ही सगळे जमलो होतो.

दादांनी हेडफोन काढले. म्हणाले, "परत लावा." पुन्हा ऐकले. नंतर काही न बोलता ते उठले आणि आपली खुर्ची माइकपासून मागे घेतली. आधी माइक तोंडापासून वीतभर होता, आता दोन विती झाला. अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे यंत्राने जेवढे करायचे होते त्याहून जास्त त्यांनी स्वतः करून टाकले. लिंकचे बटण बंद करून पुन्हा गायलो, तेव्हा दादांच्या वाटेवर कॉम्प्रेसरचा दिवा कधीतरी एकदाच लुकलुकत होता. वरचा सूर आला की ते स्वतःच मान जराशी मागे नेत होते. आवाज तेवढाच भरदार. आजी मात्र ऐकू येत होत्या.

आजींनी विचारलेसुद्धा, "अरे, तू लांब का बसलास? रागावलास काय?" दादा म्हणाले, "नाही आजी. तुमचं ऐकू यावं म्हणून."

त्या दिवसापासून आम्ही यावर विचार करीत आहोत. मंडळीत मोठ्या आवाजाची माणसे असतात, असावीतही. त्यांच्यामुळे उपासना उभी राहते. पण जेव्हा त्यांचा जोर वाढतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी काय उपाय होतो? सर्वांवर सारखा नियम बसवला जातो. कोणीच जास्त बोलायचे नाही, कोणीच नवे सुचवायचे नाही. मंडळीची सभा दोन मिनिटांत आटोपायची. जोराच्या माणसाला त्याने फारसा फरक पडत नाही. आधीच हळू बोलणारी विधवा, नुकताच बाप्तिस्मा झालेला तरुण, शेवटच्या बाकावरचे मजूर कुटुंब, यांचे दोन शब्द तेवढे जातात. लिंकचे बटण दाबलेलेच राहते. एकाच्या जोराचा दाब दुसऱ्यावर येतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला सर्व काही समतोल दिसते.

२ इतिहासाच्या पाचव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणाचे वर्णन आहे. तिथे १२० याजक कर्णे वाजवत होते आणि त्यांच्याबरोबर लेवी गायक गात होते. तरी शास्त्र सांगते, की त्या सर्वांचा मिळून एकच ध्वनी झाला आणि तेव्हा परमेश्वराच्या तेजाने मंदिर भरले. आम्ही पूर्वी हे वाचताना कर्ण्यांच्या संख्येकडे पाहत असू. आता वाटते, चमत्कार गायक ऐकू येण्यात आहे. १२० कर्ण्यांनी आपला श्वास आवरल्याशिवाय माणसाचा गळा ऐकू येणे शक्य नाही. तिथे दाबणारे यंत्र नव्हते. ज्याचा त्याने लगाम धरला होता.

लगामाचा दाखला याकोबाच्या पत्रात आहे, घोड्याच्या तोंडातला. लगामाने घोड्याची ताकद कमी होत नाही, ती वाटेला लागते. पौलाने गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांची यादी दिली आहे, तिच्यात इंद्रियदमन अगदी शेवटी येते. आम्हांला ते नेहमी कोरडे, उपासतापासाचे वाटे. पण दादांची मागे सरकलेली खुर्ची पाहिल्यावर कळले, की त्याच यादीत पहिली असलेली प्रीती याच वाटेने शेवटापर्यंत पोहोचते. स्वतःला आवरायचे ते शेजाऱ्याचा शब्द ऐकू यावा म्हणून.

उलट बाजूही सांगायला हवी. आवरण्यालाही अंत असतो. रेशो २०:१ करून थ्रेशोल्ड तळाला नेला तर कुजबुज आणि जयजयकार एकाच उंचीचे होतात. मग गीतातला पश्चात्ताप आणि आनंद वेगळे कळत नाहीत. सर्वांना सपाट करणे म्हणजे एकी नव्हे. देवाने कोणाला कर्णा केले, कोणाला बासरी. जुन्या ध्वनिमुद्रकांचा एक प्रसिद्ध कॉम्प्रेसर आहे, अमेरिकेतल्या टेलेट्रॉनिक्सचा एलए-२ए, १९६० च्या दशकातला. त्यात आवाजाच्या जोरावर एक लहानशी पट्टी उजळते, तिचा उजेड प्रकाशाला जाणणाऱ्या घटकावर पडतो आणि त्या उजेडाच्या प्रमाणात आवाज आवरला जातो. गायकांना तो आवडतो, कारण त्याचा हात मऊ आहे. पटकन थोडा सोडतो, बाकीचा सावकाश. एवढे महाग यंत्र आमच्या आवाक्यात नाही. पण उजेडाने आवरले जाणे ही कल्पना आम्ही मनात ठेवली आहे.

आणखी एक निर्णय सांगतो. आमच्या कॉम्प्रेसरला गेटही आहे. आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो दार बंद करतो, म्हणजे मधली खरखर जाते. आजींच्या वाटेवर तो आम्ही बंद ठेवला. त्यांच्या ओळीचा शेवटचा शब्द इतका हळू असे, की गेटने तो खरखर समजून कापला असता. म्हणून रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा श्वास ऐकू येतो, मध्ये एकदा कावळाही. काहींनी सुचवले, की हे साफ करा. आम्ही केले नाही. त्या श्वासांत चालीची जागा आहे. कुठे थांबायचे ते मुलांना तिथेच कळते.

पाच गीते पूर्ण झाली. सहाव्याचे दुसरे कडवे राहिले, कारण गेल्या पावसाळ्यापासून आजी घराबाहेर पडत नाहीत. आता त्यांचा आवाज कोणत्याही बटणाने वर येणार नाही. त्या पाच चाली मात्र शब्बाथ शाळेतली मुले म्हणतात. शिकवतात दादा, आणि शिकवताना स्वतः हळू गातात. सहाव्या गीताचे कडवे आजींच्या खाटेशी बसून, साध्या फोनवर घेण्याचा विचार आहे. तिथे कॉम्प्रेसर नेणार नाही. जवळ बसून गप्प राहिले की पुरेल.

ज्या मंडळ्यांना ही जोडणी करायची आहे त्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. मिसळून झालेल्या आवाजावर कॉम्प्रेसर लावण्याआधी तो ज्याच्या त्याच्या वाटेवर लावा, लिंकचे बटण बंद आहे ना ते पाहा आणि रेकॉर्ड दाबण्यापूर्वी सर्वांत हळू गाणाऱ्याला विचारा, "तुम्हांला तुमचा आवाज ऐकू येतो ना?" त्यांनी हो म्हटले की मग प्रार्थना करून सुरुवात करा.

आपल्या मंडळीतही असा एखादा हळू आवाज असेल, जुनी चाल जाणणारा. त्याच्यासाठी या आठवड्यात आपली खुर्ची वीतभर मागे घेण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.